निळ्या रेषेच्या आतलं घर

दहीहंडीच्या दिवशी टेंभी नाक्यावर थर लावायला येणाऱ्या गोविंदाचा विमा असतो. गेली काही वर्षं त्याचा हप्ता राज्य सरकार भरतं. तो ज्या बाइकवरून येतो तिचा निदान थर्ड पार्टी विमा कायद्यानेच सक्तीचा आहे. त्या गर्दीमुळे दुपारपासून शटर ओढून बसलेल्या दुकानदाराच्या मालाचाही विमा बहुधा असतो, कारण कॅश क्रेडिट देणारी बँक त्याशिवाय फाइल पुढे सरकवत नाही. विमा नसतो तो या सगळ्यांच्या राहत्या घराचा. नुकसानीचं मोजमाप करणं, म्हणजे सर्व्हेअरचं काम, हा माझा पेशा. ठाणे ते बदलापूर या पट्ट्यात जोराचा पाऊस होऊन गेला की पुढच्या आठवड्यात टेबलावर येणाऱ्या फायलींत गाड्या भरपूर असतात, दुकानं-गोदामं बरीच असतात आणि राहती घरं बोटांवर मोजण्याइतकी. पाणी असा भेदभाव करत नाही. गाडीला कायदा विचारतो, दुकानाला बँक विचारते, घराला विचारणारं कोणी नाही, एवढाच फरक. लोक हप्त्याच्या पैशांना कचरतात असं मला वाटत नाही. चार जणांचा मोबाइल रिचार्ज न कुरकुरता भरणारी ही घरं आहेत. हिशेब दुसरीकडेच चुकतो.

पहिली चूक विम्याच्या स्वरूपाबद्दलची. ‘पुराचा विमा’ म्हणून काही वेगळी पॉलिसी असते, ती महाग असते आणि आपल्याकडे मिळत नाही, असा समज सुशिक्षित घरांतही आढळतो. तो बहुधा अमेरिकेतल्या मुलाबाळांकडून आलेला असावा. तिथे घराच्या साध्या पॉलिसीतून पूर वगळलेला असतो. त्यासाठी १९६८ पासून सरकारची स्वतंत्र योजना आहे आणि ती घेतल्यावर साधारण ३० दिवस थांबल्याशिवाय संरक्षण सुरू होत नाही. न्यू जर्सीतला मुलगा डोंबिवलीतल्या वडिलांना तिथलं सांगतो आणि वडील इथलं समजून ऐकतात. आपल्याकडची गोष्ट उलटी आहे. विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आणली. घरांच्या आगीचा विमा करणाऱ्या कंपन्यांना ती द्यावीच लागते आणि तिचा मूळ मसुदा सगळीकडे सारखा असतो. त्यात आग, वीज, स्फोट, भूकंप, वादळ, दरड कोसळणं यांच्याच ओळीत पूर आणि जलमय होणं हे दोन्ही येतं. वेगळं काही मागावं लागत नाही. यातला ‘जलमय होणं’ हा भाग ठाणेकरांनी नीट वाचावा. ठाणे शहरातून उल्हासेसारखी मोठी नदी वाहत नाही, म्हणून पूर ही कल्याणपलीकडची गोष्ट वाटते. पण वंदना एसटी स्टँडच्या परिसरात किंवा नौपाड्यातल्या चिखलवाडीत घरात शिरणारं पाणी नदीचं नसतं. भरतीच्या वेळी खाडी पाणी घ्यायला तयार नसते, नाले तुंबतात आणि रस्त्यावरचं पाणी उंबरठा ओलांडतं. पॉलिसीच्या लेखी तेही नुकसान भरपाईस पात्र आहे. वरच्या गच्चीतून झिरपणारं, भिंतीला वर्षानुवर्षं ओल आणणारं पाणी मात्र त्यात बसत नाही, आणि या एका फरकावरून जितकी भांडणं होतात तितकी दुसऱ्या कशावरून होत नसतील.

दुसरी चूक काळ मोजण्यातली, आणि ती जास्त गंभीर आहे. ‘२६ जुलै’ म्हटलं की अजूनही २००५ सांगावं लागत नाही. सांताक्रूझला त्या दिवशी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबईच्या बातम्यांत मिठी नदी राहिली, पण उल्हासेने बदलापूर, उल्हासनगर, कल्याणमध्ये जे केलं ते तिथल्या तळमजल्यांवर राहणारे विसरलेले नाहीत. त्यानंतर २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी राहिली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून काढावं लागलं. २२ जुलै २०२१ ला उंबरमाळी स्टेशनात रूळ पाण्याखाली गेले आणि बदलापुरात उल्हासेचं पाणी पुन्हा वस्तीत आलं. उल्हास सह्याद्रीच्या अंगावरचा पाऊस घेऊन कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला येते. वाटेत बारवीचं पाणी मिळतं, आणि बारवी धरण भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडतात. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून येणारी वालधुनी उल्हासनगरातून चेपत, वळत कल्याणला येऊन मिळते. हे सगळं पाणी शेवटी खाडीतच जायचं असतं, आणि खाडीला दिवसातून दोनदा भरती असते. म्हणजे पूर येणं हा इथल्या जमिनीचा स्वभाव आहे. पाटबंधारे खातं नदीकाठी दोन रेषा आखतं: निळी रेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. सर्वसामान्य माणूस ‘२५ वर्षांत एकदा’ हे वाचतो आणि २००५ ला आला, आता २०३० पर्यंत निवांत, असा अर्थ काढतो. त्याचा खरा अर्थ असा की निळ्या रेषेच्या आत दर वर्षी १०० पैकी ४ शक्यता आहे, मग मागच्या वर्षी पूर आलेला असो वा नसो. गृहकर्ज २० वर्षांचं असतं. त्या २० वर्षांत एकदा तरी असं पाणी येण्याची शक्यता गणिताने ५६ टक्के निघते, नाणं उडवण्यापेक्षा थोडी जास्तच. लाल रेषेवरच्या घरालाही त्याच मुदतीत १८ टक्के. हे गणितसुद्धा जुन्या पावसाच्या नोंदी पुढेही तशाच राहतील असं धरून केलेलं. पूररेषा आखल्यावर नदीकाठी पडणारे भराव, वाढणारे रस्ते आणि सिमेंटची अंगणं त्यात धरलेली नाहीत. घर घेताना आपण मुदत २० वर्षांची धरतो आणि जोखीम येत्या पावसाळ्याची. तिथेच सगळं चुकतं.

तिसरी चूक किमतीतली. ठाण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट कोटीच्या घरात गेला, मग त्याचा विमा किती महाग पडेल, या धास्तीने माणूस चौकशीच करत नाही. पण त्या कोटीतला मोठा हिस्सा जागेच्या भावाचा असतो, स्टेशन जवळ असण्याचा असतो. पाण्याने जागा वाहून जात नाही, स्टेशनही लांब जात नाही. विमा उतरवायचा तो बांधकाम पुन्हा उभं करण्याच्या खर्चाचा. समजा कार्पेट ६०० चौरस फूट आहे आणि बांधकामाचा खर्च चौरस फुटाला ३,००० रुपये धरला, तर विमा रक्कम १८ लाख होते. भारत गृह रक्षेत इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. म्हणजे या उदाहरणात ३ लाख ६० हजार. सामान त्याहून जास्त असेल तर यादी देऊन वाढवता येतं. दागिन्यांसाठी वेगळा, ऐच्छिक भाग आहे. रोख रक्कम आणि गाडी यात येत नाही. एवढ्या घराचा वर्षाचा हप्ता साधारणपणे काही हजारांच्या पुढे जात नाही, पुष्कळदा त्याहून बराच कमी असतो, आणि पॉलिसी एकदम १० वर्षांपर्यंतही घेता येते.

सामानाचं महत्त्व बाहेरून कळत नाही, कारण पुराच्या छायाचित्रांत नेहमी बुडालेली घरं दिसतात. आरसीसीचं घर कमरेएवढ्या पाण्याने सहसा पडत नाही. पाणी उतरल्यावर भिंतीवर मातीची एक सरळ रेषा राहते, आणि त्या रेषेखालचं सगळं मोजायचं असतं. फ्रिजचा कॉम्प्रेसर सर्वात खाली असतो, तो पहिला जातो. वॉशिंग मशीनची मोटर, गव्हाची कोठी, शिलाई मशीन, इन्व्हर्टर. प्लायवूडचं कपाट पहिल्या दिवशी धड दिसतं, चौथ्या दिवशी फुगतं आणि त्याची दारं लागेनाशी होतात. मॉड्युलर किचनच्या खालच्या खणांचंही तेच. पुट्टीचे पोपडे महिनाभर पडत राहतात. वीजजोडणीचे पॉइंट गुडघ्याच्या उंचीवर असतील तर सगळी वायरिंग पुन्हा करावी लागते. आणि बॉक्स बेड! छोट्या घरात सगळा संसार त्यातच कोंबलेला असतो: लग्नातल्या साड्या, पाहुण्यांच्या गाद्या, मुलांच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, घराचं ॲग्रीमेंट, आणि विमा असलाच तर त्याची पॉलिसीही. जमिनीपासून वीतभर उंचीवर. नुकसान मोजताना एकेका वस्तूची किंमत फार निघत नाही, पण बेरीज केली की घरमालक स्वतःच चकित होतो, कारण त्या वस्तू त्याने १५ वर्षांत, हप्त्याहप्त्याने घेतलेल्या असतात आणि त्या सगळ्या एका महिन्यात पुन्हा घ्यायच्या असतात.

यावर सर्वात आधी येणारा आक्षेप: सरकार मदत देतंच की. देतं, आणि दिलीच पाहिजे. पण किती? राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ मध्ये ठरलेले निकष पाहा. पाण्यात कपडे गेले तर कुटुंबामागे २,५०० रुपये, भांडी आणि घरगुती सामान गेलं तर आणखी २,५००. पक्क्या घराची अंशतः पडझड झाली तर ६,५०० रुपये, आणि घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १ लाख २० हजार. राज्य सरकार प्रसंग पाहून यात भर घालतं. २०२१ च्या पुरानंतर कुटुंबामागे १० हजारांची तातडीची मदत जाहीर झाली होती. त्यासाठी तलाठ्याचा पंचनामा हवा, यादीत नाव हवं, बँक खातं जोडलेलं हवं. टेंभी नाक्यापासून कोर्ट नाक्याचं जिल्हाधिकारी कार्यालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पूर गेल्यावर यादीतून राहिलेल्यांची तिथली ये-जा थांबत नाही. ही मदत चार दिवस चूल पेटावी म्हणून आहे. तिच्यावर फ्रिज, कपाट, वायरिंग उभं करण्याचा भार टाकणं हे मदतीचंच चुकीचं वाचन आहे.

दुसरा आक्षेप माझ्या पेशावरचाच आहे: विमा कंपन्या पैसे देत नाहीत, सर्व्हेअर कात्री लावतो. यात तथ्य नाही असं म्हणणार नाही. घरांच्या जुन्या पॉलिसीत एक अट अशी होती की घराची किंमत २० लाख आणि विमा १० लाखांचा असेल, तर २ लाखांच्या नुकसानीला १ लाखच मिळायचा. अर्धा विमा, अर्धी भरपाई. लोकांना हे क्लेमच्या वेळी पहिल्यांदा कळायचं आणि फसवणूक झाल्यासारखं वाटायचं. वाटणं साहजिकच होतं. भारत गृह रक्षेत ही कपात काढून टाकली आहे. नुकसान विमा रकमेच्या आत असेल तर कमी विम्याचं कारण सांगून ते कापता येत नाही. कोणत्याही घरमालकासाठी गेल्या कित्येक वर्षांतला हा सर्वात मोठा बदल आहे आणि त्याची जाहिरात जवळजवळ कोणी केली नाही. राहिलेल्या तक्रारींत मोठा वाटा पुराव्याच्या अभावाचा असतो. पाणी ओसरलं की घाण, वास, रोगराईची भीती. माणसं भिजलेल्या गाद्या आणि फुगलेलं लाकूड रस्त्यावर काढतात आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेची गाडी ते उचलून नेते. त्यांचंही बरोबरच असतं. पण सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी पोचला तर त्याने मोजायचं काय? म्हणून सामान बाहेर टाकण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट प्रत्येक खोलीचे फोटो काढावेत, फ्रिज-टीव्हीच्या मागच्या नंबरच्या पट्टीचा वेगळा फोटो घ्यावा, कंपनीला त्याच दिवशी कळवावं. पॉलिसी आणि बिलं मोबाइलमध्ये आणि घराबाहेरच्या कुणाकडे तरी असावीत. एवढं असूनही दावा अन्यायाने नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि मग विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही. पैसे न मिळण्याच्या भीतीने विमाच न घेणं म्हणजे पैसे नक्की मिळणार नाहीत अशी व्यवस्था स्वतःच करून ठेवणं.

‘आमचा चौथा मजला’ हा आक्षेप निम्मा खरा आहे. चौथ्या मजल्यावरचा सोफा पुरात भिजणार नाही, आणि जो एजंट तसं भासवून पॉलिसी गळ्यात मारतो त्याला दारातूनच परत पाठवावं. पण सोसायटीचं मीटर रूम तळाला असतं. पाण्याचा पंप, जमिनीखालची टाकी, लिफ्टचा खड्डा, जनरेटर, कंपाउंडची भिंत हे सगळं तळाला. त्यांची दुरुस्ती चौथ्या मजल्यावाल्यालाही वर्गणीने भरावी लागते, आणि ती होईपर्यंत अंधारात जिने चढून बादल्या वर न्याव्या लागतात. इथे सोसायटीच्या विम्याचा प्रश्न येतो. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार इमारतीचा आग आणि भूकंप यांविरुद्धचा विमा सोसायटीने उतरवायचाच असतो. पूर हा शब्द त्या सक्तीत नाही. कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात ज्या संकटाची शक्यता सर्वात जास्त, तेच नेमकं उपविधीत नसावं याचं नवल वाटतं. बऱ्याच सोसायट्या आगीचाही विमा घेत नाहीत. ज्या घेतात त्यांतल्या काहींनी हप्ता कमी करण्यासाठी वादळ-पुराचा भाग काढून टाकलेला असू शकतो, जो सोसायट्यांच्या व्यावसायिक स्वरूपाच्या जुन्या पॉलिसींत काढता येत असे. सेक्रेटरी बदलतो, फाइल तीच राहते, आणि काय वगळलं आहे हे वर्षानुवर्षं कोणी उघडून पाहत नाही.

अशीच झाकलेली मूठ गृहकर्जाच्या विम्याची. ‘बँकेने काढलाय विमा’ असं सांगणाऱ्याची कागदपत्रं पाहिली तर अनेकदा तो त्याच्या आयुष्याचा विमा निघतो: तो गेला तर कर्ज फिटेल, घर भिजलं तर काही मिळणार नाही. मालमत्तेचा विमा असलाच तर तो बहुधा बांधकामापुरता, सामान त्यात नाही. आणि कर्ज फिटलं की त्याच्याबरोबर संपलेला. पुष्कळांच्या बाबतीत कर्ज फिटतं तेव्हा निवृत्तीही जवळ आलेली असते, म्हणजे पुन्हा सगळं उभं करायची ताकद कमी झालेली असते, नेमका तेव्हाच.

पगडीच्या चाळीत किंवा भाड्याने राहणाऱ्यांना वाटतं, इमारत आपली नाही, तर आपला काय संबंध. इमारत नसेल, सामान तर आपलं आहे. फक्त सामानाचाही विमा मिळतो. कल्याण-डोंबिवलीतल्या अनधिकृत इमारतींत पैसे घालून बसलेल्यांची स्थिती मात्र खरोखर बिकट आहे. कागदच सदोष असतील तर इमारतीवरचा हक्क दाखवणं अवघड जातं, आणि त्याला विम्याकडे उत्तर नाही. सामानापुरता विमा घेता येतो का, हे कंपनीला सगळी खरी माहिती देऊन आधी लेखी विचारून घ्यावं. खोटी माहिती देऊन घेतलेली पॉलिसी क्लेमच्या दिवशी कागदाच्या तुकड्याएवढीच उरते.

नाले साफ करायचे सोडून लोकांना विमा काढायला सांगणं म्हणजे महापालिकेला मोकळं सोडणं, असं म्हणणारेही भेटतात. त्यांच्या रागाशी मी सहमत आहे. २००५ नंतर माधवराव चितळे समिती बसली, अहवाल आला. नदीपात्रातले भराव थांबले का, हे कल्याणच्या कोणत्याही पुलावर उभं राहून पाहता येतं. पण नालेसफाईचा जाब विचारणं आणि घराचा विमा काढणं यांत निवड करायचीच नाही. आग लागू नये म्हणून वायरिंग नीट ठेवणारा माणूस आगीचा विमाही घेतोच.

तेव्हा वाचकांना सांगणं एवढंच. सोसायटीची वार्षिक सभा कायद्याने ३० सप्टेंबरपर्यंत होते, म्हणजे पावसाळा सरता सरता. तोवर थांबू नका. मे महिन्यात विशेष सभा बोलवायला लावा, विषयपत्रिकेवर ‘इमारतीचा विमा, पुरासह’ असा विषय लिहून द्या आणि सभेत सेक्रेटरींना चालू पॉलिसीची प्रत वाचून दाखवायला सांगा. स्वतःच्या घराची पॉलिसी नसेल तर ३१ मेच्या आत घ्या, आणि आजच बॉक्स बेडमधली कागदपत्रं काढून माळ्यावर ठेवा.